बाप-लेकीची वही

(विहाराच्या वर्षावास व्याख्यानमालेत दिलेले भाषण. छापण्यासाठी थोडेफार नीटनेटके केले आहे.)

 

मी काही वक्ता नाही. एस.टी.त कंडक्टर आहे. "तिकीट, तिकीट" आणि "पुढे सरका" एवढंच माझं आजवरचं जाहीर भाषण. या माईकवरून वर्षावासात विद्वान मंडळी धम्म सांगून जातात, मी मागच्या सतरंजीवर बसून ऐकणारा माणूस. पण समितीच्या बैठकीत ठरलं की या वेळी एक दिवस घरात मृत्यू झाल्यावर पोराबाळांचं काय होतं यावर ठेवू, आणि मला सांगण्यात आलं की तुम्ही तुमच्या वहीबद्दल बोला. म्हणून उभा आहे.

आपल्या वस्तीत कुणी गेलं की अर्ध्या तासात दारात चपलांचा ढीग लागतो. कोणी मांडव बघतो, कोणी नातेवाइकांना फोन लावतो, समोरच्या घरी चूल पेटते आणि चहा येतो. भंतेजी येतात, त्रिशरण-पंचशील होतं, अनित्यतेची गाथा होते. मग जलदान विधी, पुण्यानुमोदन. हे सगळं नसतं तर माणूस उभाच राहिला नसता. याच दिवसांत प्रत्येक जण पाठीवर हात ठेवून म्हणतो, "रडू नको. लेकरांकडं पाहा. जन्मला तो जाणारच." कुणाचाही हेतू वाईट नसतो. मीही कित्येक घरी जाऊन हेच बोललो आहे, दुसरं सुचतच नाही.

पण आठव्या दिवशी चपला निघून जातात. त्यानंतर घर उरतं. आणि त्या घरात एखादं दहा-बारा वर्षांचं पोर असलं तर त्याचं काय? दुसऱ्या घरांत मुलांना सांगतात, आई देवाघरी गेली. आपण बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसं, आपण तसं म्हणत नाही, म्हणूही नये. पण जे खरं घडलं तेही आपण मुलांना सांगत नाही. "तुला काय समजतं त्यातलं, जा, खेळ" म्हणतो. म्हणजे त्याला खोटी गोष्टही मिळत नाही आणि खरीही मिळत नाही. ते मधल्यामध्ये राहतं.

तथागतांनी शोकात पडलेल्या माणसांशी काय केलं, हे त्यासाठी पुन्हा पाहिलं पाहिजे. किसा गोतमीची मोहरीची गोष्ट आपल्या सगळ्यांना पाठ आहे, ती मी सांगत बसत नाही. ज्या घरात कुणी मेलं नाही तिथून मूठभर मोहरी आण, एवढंच आपण लक्षात ठेवतो, आणि मृत्यू सगळ्यांना आहे असा तिचा अर्थ लावून मोकळे होतो. अर्थ बरोबर आहे. पण ती बाई दिवसभर दारोदार फिरली तेव्हा नेमकं काय घडलं असेल याचा विचार करा. तिने प्रत्येक दारात विचारलं, आणि प्रत्येक दारात कुणीतरी आपल्या गेलेल्या माणसाचं सांगितलं. कुणी बापाचं, कुणी लेकराचं. हे तथागत तिला बसल्या जागी एका वाक्यात सांगू शकले असते. तसं न करता त्यांनी तिला लोकांच्या तोंडून ऐकायला लावलं.

दुसरी उब्बिरी. तिचं नाव आपल्याकडे फारसं घेतलं जात नाही. थेरीगाथेत तिच्या तीनच गाथा आहेत. तिची मुलगी वारली, मुलीचं नाव जीवा. आई रानात "जीवा, जीवा" म्हणून हाका मारत रडत असे. तथागत तिला म्हणतात की बाई, या स्मशानात जीवा नावाच्या चौऱ्याऐंशी हजार मुली जळाल्या आहेत, तू त्यांतल्या कोणत्या जीवेसाठी रडतेस? पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हे कठोर वाटलं. मग भंतेजींनी समजावून सांगितलं तेव्हा ध्यानात आलं की तथागतांनी तिला "नाव काढू नकोस" असं म्हटलेलं नाही. त्यांनी स्वतः ते नाव घेतलं. मुलीच्या नावापासूनच बोलणं सुरू केलं. पुढे उब्बिरी सांगते की काळजात रुतलेला शोकाचा बाण निघाला.

आणि पटाचारा. नवरा, दोन लेकरं, आईबाप, भाऊ, सगळे गेले. अंगावरच्या वस्त्राचं भान नाही. लोक तिला वेडी म्हणून हाकलत होते. तथागत म्हणाले, अडवू नका, येऊ द्या तिला. आधी तिला जवळ येऊ दिलं, भानावर आणलं, तिचं सगळं ऐकून घेतलं. उपदेश त्यानंतर.

या सगळ्या बायांनी पुढे आपलं दुःख स्वतःच्या शब्दांत सांगितलं, म्हणून आज अडीच हजार वर्षांनी आपल्याला ते माहीत आहे. त्यांनी कागदावर लिहिलं नव्हतं, त्या म्हणाल्या. शिष्यपरंपरेने ते पाठ ठेवलं आणि इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात श्रीलंकेत त्रिपिटक लिहून काढलं गेलं तेव्हा त्या गाथाही लिहिल्या गेल्या. बायकांचं दुःख फालतू आहे, ते कशाला लिहायचं, असं त्या वेळच्या भिक्खूंना वाटलं नाही हे विशेष.

आता बाबासाहेबांकडे येतो. बाबासाहेब आणि माता रमाई यांची पाच अपत्यं. त्यांतले यशवंतराव तेवढे जगले. गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही चार लेकरं गेली. राजरत्न गेला तो १९२६ च्या जुलैमध्ये. पुढच्याच महिन्यात बाबासाहेबांनी त्यांचे कोल्हापूरचे मित्र दत्तोबा पवार यांना पत्र लिहिलं. त्या पत्रात बाप बोलतो. आपण आणि पत्नी या धक्क्यातून सावरलेलो नाही, सावरल्याचा आव आणण्यात अर्थ नाही, हे ते मित्राला उघड कळवतात. गेलेल्या चारही मुलांविषयी लिहितात. बॅरिस्टर माणूस, मोठा विद्वान, पण "मी ठीक आहे" असं लिहीत नाही. आणि लक्षात घ्या, हे पत्र १९२६ च्या ऑगस्टचं. १९२७ च्या मार्चमध्ये तोच माणूस महाडला चवदार तळ्याचं पाणी प्यायला आपल्या हजारो लोकांना घेऊन गेला. म्हणजे दुःख लिहून दाखवलं की माणूस कमकुवत होतो, काम सोडून बसतो, हे जे आपल्या पुरुषांच्या डोक्यात बसलं आहे ते कुठून आलं कोण जाणे. बाबासाहेबांकडून तर आलं नाही.

रमाई २७ मे १९३५ रोजी गेल्या. त्यानंतर १९४० साली 'थॉट्स ऑन पाकिस्तान' हा ग्रंथ निघाला. त्याच्या अर्पणपत्रिकेवर 'रामू' हे नाव आहे. फाळणीच्या राजकारणावरचा तो ग्रंथ, त्यात घरातल्या नावाने पत्नीची आठवण. मी ग्रंथ पूर्ण वाचलेला नाही, समजणारही नाही, पण ते पान मी आमच्या लेकीला दाखवलं आहे.

आता आमच्या घरचं सांगतो. मुलगी आता कॉलेजात जाते. तिला विचारूनच बोलतो आहे, आणि काय सांगायचं, काय नाही, तेही तिनेच ठरवून दिलं आहे.

२०२१ चा एप्रिल सगळ्यांना आठवतो. कोरोनाची दुसरी लाट. आपल्या नागपुरात घाटावर जागा नव्हती. माझ्या पत्नीला ताप आला आणि नऊ दिवसांत ती गेली. दवाखान्यातून देह घरी आला नाही. घाटावर मला एकट्याला जाऊ दिलं, तेही लांबून. मुलगी तेव्हा सहावी संपवून परीक्षा न देताच सातवीत गेलेली. आईला अँब्युलन्समध्ये चढताना तिने दारातून पाहिलं, तेवढंच. जलदान विधी पाच माणसांत झाला. भंतेजींनी सुत्तपठन मोबाईलवरून केलं. चपलांचा ढीग म्हणालो ना, तोही आमच्या दारात लागला नाही. लोक लांबून हात जोडून जात होते. त्या काळात ज्यांच्या घरी कुणी गेलं त्या सगळ्यांचं असंच झालं, आमचं काही वेगळं नाही.

मग आम्ही दोघं राहिलो. शाळा मोबाईलवर. लेक सकाळी उठायची, शाळा करायची, कुकर लावायची. रडायची नाही. शेजारच्या मावशी म्हणायच्या, "पोरगी लय समजदार आहे बाप्पा, एका शब्दानं तरास देत नाही." घरात आईचं नाव निघत नव्हतं. तिच्यासमोर मी काढत नव्हतो, माझ्यासमोर ती काढत नव्हती. दोन खोल्यांचं घर, पण दोघं आपापल्या खोलीत.

नोव्हेंबरात एस.टी.चा संप लागला, तो पुढच्या एप्रिलपर्यंत चालला. पगार बंद. घरखर्च किती दिवस पुरेल ते पाहावं म्हणून मी पत्नीची हिशेबाची वही काढली. साधी शंभर पानी वही, डाळीच्या डब्यामागे असायची. दूध, भाजी, गॅस, भिशी, विहाराची वर्गणी, मुलीच्या वह्या, सगळं तारीखवार. शेवटची ओळ तिच्या हातची: ९ एप्रिल, दूध १ लिटर, जयंती वर्गणी २०१.

त्याच्याखाली पान कोरं असेल असं मला वाटलं होतं. कोरं नव्हतं. मे महिन्यापासून पुढे मुलीने हिशेब लिहिला होता. आईसारखाच, डावीकडे तारीख, उजवीकडे रक्कम. "दूध अर्धा लिटर. एक लिटर लागत नाही." "गॅस आला. पप्पा घरी होते." "तेल संपलं." असं चाललेलं. आणि मध्येच एका तारखेला रक्कम नाही, नुसतं लिहिलेलं: "आज आईचा वाढदिवस. पप्पाला आठवण आहे का माहीत नाही."

उपासक-उपासिकांनो, कंडक्टरच्या हातात रोज कागद असतो. वे-बिल, आकडे, सह्या. पण मी त्या दिवशीपर्यंत मनातलं असं कधी काही लिहिलं नव्हतं. मी तिला हाक मारून बोलू शकलो असतो, पण तोंडातून शब्द निघाला नसता हे मला ठाऊक होतं. मी पेन घेतला आणि तिच्या ओळीखाली लिहिलं: "आठवण होती. पुरणपोळी आणावी असं मनात आलं होतं, पण तिच्या हातची नाही म्हणून आणली नाही." वही होती तिथे ठेवली.

दुसऱ्या दिवशी डब्यामागून वही काढली तर खाली उत्तर होतं. "आईच्या पोळीत वेलची जास्त राहायची." बस्स, एवढंच.

तिथून ते सुरू झालं. ठरवून नाही. तोंडाने आम्ही त्या वहीबद्दल एक शब्द बोलत नव्हतो. जेवताना भाजीत मीठ कमी आहे, रिचार्ज संपला, एवढंच बोलणं. पण रोज किंवा दोन दिवसांआड कुणीतरी वहीत लिहून ठेवायचं. सुरुवातीला हिशेबाच्या आडून: दूध, कांदे, आणि मग एक ओळ आईची. हळूहळू हिशेब कमी झाला आणि आई जास्त झाली. तिला माहीत नसलेल्या गोष्टी मी लिहिल्या. लग्न झालं तेव्हा तिची आई बस लागते म्हणून लांबच्या प्रवासाला यायला तयार नसायची, आणि नवरा मात्र एस.टी.त, हे वाचून ती आतल्या खोलीत हसली. मला ऐकू आलं.

डिसेंबरात एक दिवस तिने विचारलं, "आई शेवटी काय बोलली?" वॉर्डातून पत्नीचा शेवटचा फोन मला आला होता. मी लिहिलं: "धाप लागत होती, जास्त बोलता आलं नाही. दोन गोष्टी बोलली. एक, जयंतीला बाबासाहेबांच्या फोटोला हार घातला का. दुसरी, लेकीच्या केसांना तेल लावत जा." हे एवढं लिहायला मला तीन दिवस लागले. तिने खाली लिहिलं, "तेल आहे. वेणी मला आता येते."

खरी गोष्ट याच्यापुढची आहे. जानेवारी महिन्यात तिने लिहिलं, आणि अक्षर नेहमीपेक्षा बारीक होतं: "मी मार्चमध्ये मैत्रिणीकडे गेली होती. आई नको म्हणत होती. मग आईला ताप आला. माझ्यामुळे झालं का?"

म्हणजे एप्रिलपासून जानेवारीपर्यंत ते पोर हे मनात घेऊन कुकर लावत होतं, आणि सगळे म्हणत होते की पोरगी समजदार आहे.

मी पेन धरून बसलो, उत्तर लिहिता येईना. संध्याकाळी विहारात आलो आणि भंतेजींना विचारलं. ते म्हणाले, तथागतांनी कर्म कशाला म्हटलं आहे ते आठवा. कर्म म्हणजे चेतना, म्हणजे हेतू. पोरीच्या मनात काय होतं तेवढं तिला विचारा. मी घरी येऊन लिहिलं: "ताप कुठून आला ते कोणालाच ठाऊक नाही, डॉक्टरलाही नाही. त्या महिन्यात मी ड्युटीवर रोज माणसांत होतो. आई भाजीबाजारात गेली होती. दूधवाला रोज दारात येत होता. तू मैत्रिणीकडे खेळायला गेली होतीस. आईला आजारी पाडायला गेली नव्हतीस." खाली आणखी एक ओळ लिहिली, ती इथे सांगत नाही.

तिने वहीत उत्तर दिलं नाही. त्या रात्री ती रडली. आई गेल्यापासून पहिल्यांदा, आणि बराच वेळ. मी शेजारी बसलो. "रडू नको" म्हटलं नाही. दुसऱ्या दिवसापासून आम्ही तिच्या आईबद्दल तोंडानेही बोलायला लागलो.

इथे थोडं विषय सोडून बोलतो. आपल्यातही कुणी गेलं की बायाबापड्या म्हणतात, "मागच्या जन्मीचं काही असंल." ऐकणारं मूल ते आपल्या अंगाला लावून घेतं. मागच्या जन्मीच्या कर्माचं फळ या जन्मी, ही कल्पना बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात स्पष्टपणे नाकारली आहे. तो ग्रंथ १९५७ पासून आपल्या हातात आहे. घरोघरी फोटोखाली ठेवलेला असतो. तेवढी पानं काढून दुःखाच्या घरी वाचून दाखवली तर कुणाच्या तरी लेकराचं ओझं उतरेल.

या वहीची गोष्ट मुलीच्या शाळेतल्या समुपदेशक बाईंना कळली तेव्हा त्यांनी मला सांगितलं की यावर अमेरिकेत अभ्यास झालेला आहे. जेम्स पेनेबेकर नावाचे मानसशास्त्रज्ञ. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९८६ साली तो प्रसिद्ध केला. कॉलेजच्या मुलांना चार दिवस, रोज पंधरा मिनिटं लिहायला बसवलं. काहींना साध्यासुध्या विषयावर, काहींना आयुष्यातल्या सर्वांत दुःखाच्या प्रसंगावर. दुःखाचं लिहिणाऱ्यांना त्या वेळी आणखी वाईट वाटलं. पण नंतरच्या काही महिन्यांत, प्रसंग आणि त्याबद्दलच्या भावना दोन्ही ज्यांनी लिहिल्या, त्यांना कॉलेजच्या दवाखान्यात कमी वेळा जावं लागलं. बाईंनी हेही सांगितलं की पुढे खूप प्रयोग झाले आणि सगळ्यांतून असंच निघालं नाही. विशेषतः जोडीदार गेलेल्यांना नुसतं लिहायला लावून फारसा फरक पडला नाही असंही एका अभ्यासात दिसलं. तेव्हा वही म्हणजे औषधाची बाटली नव्हे. मला स्वतःला वाटतं, आमचं जे झालं ते लिहिण्याने जेवढं झालं तेवढंच पलीकडून कुणीतरी वाचतं आहे याने झालं. दत्तोबांना बाबासाहेबांचं पत्र पोचलं, पेटीत पडून राहिलं नाही.

कुणी विचारेल, वही कशाला, समोरासमोर बोलावं. बोलता आलं तर उत्तमच. पण बापाला आणि लेकीला एकमेकांच्या डोळ्यांत बघून काही गोष्टी सांगता येत नाहीत. वहीत एकाला लिहायला वेळ मिळतो, दुसऱ्याला वाचायला. उत्तर त्याच दिवशी पाहिजे असं नसतं. मी तिचं शुद्धलेखन कधी तपासलं नाही, तिने माझं तपासलं, ते चालतं. तिची ओळ मी तिसऱ्याला दाखवली नाही. आणि "चांगलं लिहिलंस" असं कधी म्हटलं नाही, कारण तो शाळेचा निबंध नव्हता. पोर लिहायला तयार नसेल तर मागे लागू नये. आपण आपलं लिहावं, वही उघडी ठेवावी, त्याला वाटलं तर ते लिहील. लहान मूल असेल तर चित्र काढेल. काहीच नाही केलं तरी घरात त्या माणसाचं नाव लिहिलेला एक कागद आहे हे त्याला दिसतं.

ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं काय, असं महिला मंडळाच्या एका आजीने मला मघाशी विचारलं. आजी, तुमच्या पिढीने जात्यावर ओव्या म्हटल्या. त्यांत बाबासाहेबही होते आणि गेलेली लेकरंही होती. ते लिहिण्याच्याच तोडीचं. उर्मिला पवार यांचं 'आयदान' हे आत्मकथन २००३ साली आलं, आपल्या विहाराच्या कपाटात आहे. त्यांची आई कोकणात बांबूच्या टोपल्या-सुपं विणायची, त्याला तिकडे आयदान म्हणतात. लेक लिहिती झाली. आईचं विणणं आणि आपलं लिहिणं यांची वीण एकच, दुःखाची, असं त्या सांगतात. तेव्हा आजी, तुम्ही सांगा, नातीला लिहू द्या. आमच्याकडे माझी म्हातारी गावाहून येते तेव्हा तसंच होतं. ती बोलते, लेक लिहिते, आणि मध्ये मध्ये दोघी भांडतात की असं नव्हतं, तसं होतं.

एक सांगणं जबाबदारीने करतो. माणूस जेवायचा थांबला, रात्र-रात्र झोप नाही, जगून काय करू असं बोलायला लागला, मूल असो की मोठं, तर वही देऊन गप्प बसू नका. डॉक्टरकडे न्या. सरकारची टेलीमानस नावाची फोनसेवा २०२२ पासून आहे. १४४१६ हा नंबर, चोवीस तास, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. विहाराच्या फळ्यावर तो नंबर लिहून ठेवला आहे. त्यात लाज कसली? पाय मोडला तर आपण मेडिकलला जातोच ना.

आमचं सगळं बरं झालं असं मी म्हणत नाही. दवाखान्याच्या त्या रस्त्याने गाडी जाते तेव्हा मी आजही तिकिटाच्या मशीनमध्ये डोकं घालून असतो. लेकीला अँब्युलन्सचा आवाज सहन होत नाही, आला की ती बोलता बोलता थांबते. जयंतीच्या आधीचा आठवडा आम्हा दोघांना जड जातो, आणि बाहेर तर सगळीकडे निळे झेंडे, वाजंत्री. पण आता आम्ही ते एकमेकांना सांगतो. संप मिटल्यावर मी परत ड्युटीवर गेलो. मुक्कामाची ड्युटी असली की ती डब्यात चिठ्ठी टाकते, मी तिकडून लिहून आणतो. हिशेबाची वही २०२२ च्या पावसाळ्यात भरली. आता तिसरी वही चालू आहे. तिच्यात कॉलेजच्या भानगडी जास्त आणि आई कमी. कधी कधी महिनाभर आईचं नाव येत नाही, मग एकदम चार पानं येतात. पहिली वही लेकीच्या कपाटात आहे, आणि मला पाहायची असली तर मी तिला विचारून घेतो.

समितीने या वर्षीच्या वर्गणीतून पन्नास वह्या आणल्या आहेत. शंभर पानी, साध्या. ग्रंथालयाच्या कपाटात खालच्या खणात ठेवल्या आहेत, कपाटाला कुलूप नाही. ज्यांना पाहिजे त्यांनी न्यावी. रजिस्टरमध्ये नाव लिहायचं नाही, कशाला पाहिजे ते कुणी विचारणार नाही. रविवारी वंदनेनंतर मी तासभर इथे असतो. कुणाला पत्र लिहून पाहिजे असेल, किंवा सांगायचं आहे पण हात चालत नाही असं असेल, तर या. अक्षर माझं बरं आहे.



नमो बुद्धाय! जय भीम!